काझी नजरुल इस्लाम यांची जयंती कशी साजरी करावी?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात आले असेल की, कोठे तो बंगाल आणि कोठे आपण! त्या कवीची भाषा आपल्याला येत नाही, त्याचे पुस्तक आपल्या घरात नाही. मग त्याच्या जयंतीचा खटाटोप आपण कशासाठी करायचा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी आपल्यासमोर उभा आहे.

आपल्याकडे जयंती कशी होते ते आपण सर्वजण जाणतो. व्हरांड्यात टेबल मांडायचे, त्यावर चादर आणि तसबीर, तसबिरीला हार. दोन विद्यार्थी पाठ केलेली भाषणे म्हणतात, एखादा मध्येच अडतो, गुरुजी मागून शब्द सुचवतात. मुख्याध्यापक समारोप करतात आणि अर्ध्या तासात वर्ग पुन्हा सुरू होतात. ज्याची जयंती होती तो माणूस मात्र तसबिरीतून खाली उतरतच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याविषयी काही विचारले तर जन्मसाल आणि जन्मगाव यापलीकडे मुलांना काही सांगता येत नाही.

बंगालमध्ये काझी नजरुल इस्लाम यांची जयंती अशी होत नाही. ती गाऊन, नाचून, कविता म्हणून आणि विचार मांडून होते. ती तशी का होते आणि त्यातून आपण काय घ्यावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

अकरा ज्येष्ठ

नजरुल यांचा जन्म बंगाली सन १३०६ च्या ज्येष्ठ महिन्याच्या अकराव्या दिवशी, म्हणजे मे १८९९ मध्ये झाला. बंगाली पंचांग सौर असल्यामुळे हा दिवस दरवर्षी मे महिन्याच्या २५-२६ तारखेच्या सुमारास येतो. त्याच्या जेमतेम अडीच आठवडे आधी, २५ वैशाखला, रवींद्रनाथ टागोरांची जयंती असते. दोन्ही दिवस जवळजवळ असल्यामुळे अनेक ठिकाणी दोघांची मिळून एक संध्याकाळ ठरवतात आणि तिला ‘रवींद्र-नजरुल संध्या’ असेच म्हणतात. एका व्यासपीठावर दोन तसबिरी, एक दाढीधारी वृद्ध ऋषीची आणि एक लांब केसांच्या तेजस्वी तरुणाची, हे चित्र बंगाली माणसाच्या इतक्या परिचयाचे आहे की, त्यात एक हिंदू आणि एक मुसलमान आहे हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

कार्यक्रमाचा आरंभ बहुधा समूहगीताने होतो. हार्मोनियम आणि तबला असला म्हणजे पुरे. लहान मुले नजरुल यांच्या बालकविता म्हणतात. एकीत लिची चोरायला गेलेल्या पोराची फजिती आहे, दुसरीत एक चिमुरडी खारीशी पेरूसाठी भांडते. या कविता म्हणताना मुले नुसती उभी राहत नाहीत, हातवारे करतात, डोळे वटारतात, आणि सभागृह हसते. मग मोठी मुले ‘विद्रोही’ ही दीर्घ कविता म्हणतात. बंगालमध्ये कविता म्हणणे ही गाण्यासारखीच स्वतंत्र कला मानली जाते, तिचे वर्ग चालतात. नजरुल यांचे पुत्र काझी सव्यसाची हे या कलेतील नामवंत होते. त्यानंतर एकल गाणी, गाण्यांवरील नृत्ये आणि मध्ये मध्ये कवीच्या जीवनावर व विचारांवर छोटी भाषणे. भाषण गाण्याला वाट करून देते आणि गाणे भाषणाला पुरावा देते.

पश्चिम बंगालमधील चुरुलिया या त्यांच्या जन्मगावी या दिवसांत मेळा भरतो. सीमेपलीकडे बांगलादेशात ते राष्ट्रकवी आहेत. तशी अधिकृत राजपत्रित घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये झाली, तरी लोकांनी हा मान त्यांना फार पूर्वीच दिला होता. ढाक्यात, तसेच मैमनसिंह भागातील त्रिशाल येथे मोठे कार्यक्रम होतात. एकाच कवीचा वाढदिवस दोन देश साजरा करतात, आणि दोघांनाही तो आपला वाटतो.

दुखू मियाँ

आता या कवीचे बालपण ऐका. पालकांनी आणि शिक्षकांनी ते विशेष लक्ष देऊन ऐकावे अशी माझी विनंती आहे.

चुरुलिया हे राणीगंज-आसनसोलच्या कोळसा पट्ट्यातील खेडे. वडील काझी फकीर अहमद हे गावच्या मशिदीचे इमाम आणि शेजारच्या मजारीचे मुजावर होते. घरात दारिद्र्य. मुलाचे टोपणनाव ‘दुखू मियाँ’ होते, यावरून काय ते समजा. १९०८ मध्ये वडील वारले. मूल तेव्हा नऊ वर्षांचे. मकतबातील प्राथमिक परीक्षा देऊन त्याने त्याच मकतबात लहान मुलांना शिकवायला सुरुवात केली, मशिदीत अजान दिली, मजारीची देखभाल केली. दहा वर्षांच्या पोराने घर चालवायला हातभार लावला.

पुढे तो ‘लेटो’ नावाच्या लोकनाट्याच्या फडात गेला. गाणे, नाच, सवाल-जवाब आणि सोंगे असा हा प्रकार. आपल्याकडील तमाशाचा फड डोळ्यांसमोर आणला तर थोडी कल्पना येईल. या फडासाठी त्या कोवळ्या वयात त्याने जी छोटी नाटके रचली त्यांत एक युधिष्ठिराचे सोंग होते, एक दानशूर कर्णावर होते आणि एक अकबर बादशहावर होते. कुराणशरीफ, रामायण-महाभारत आणि शेतकऱ्याची बोली, तिन्हींची ओळख त्याला या वयात झाली.

फड सोडून तो शाळेत गेला. माथरुन येथील शाळेत मुख्याध्यापक होते कवी कुमुदरंजन मल्लिक. पण पैशाअभावी ती शाळा सुटली. आसनसोलला एका पाव-बिस्किटाच्या दुकानात तो कामाला राहिला. कणीक मळायची, भट्टीजवळ राबायचे. तेथे काझी रफीजउल्लाह नावाच्या एका पोलीस फौजदाराची नजर त्याच्यावर पडली. हा मुलगा दुकानात राबण्यासाठी जन्मलेला नाही हे त्या माणसाने ओळखले. १९१४ मध्ये त्यांनी त्याला मैमनसिंह जिल्ह्यातील आपल्या गावाकडे नेले आणि त्रिशालजवळच्या दरिरामपूर येथील शाळेत सातवीत घातले.

रफीजउल्लाह हे काही मोठे पुढारी नव्हते. त्यांनी संस्था काढली नाही, ग्रंथ लिहिला नाही. त्यांनी एका गरीब पोराकडे नीट पाहिले आणि त्याच्या शाळेची सोय केली, एवढेच केले. आज त्या त्रिशालमध्ये आणि जेथे हा मुलगा पाव भाजत होता त्या आसनसोलमध्येही, दोन्ही ठिकाणी, काझी नजरुल इस्लाम यांच्या नावाची विद्यापीठे उभी आहेत.

तेथून परतल्यावर तो राणीगंजच्या सियारसोल राज हायस्कुलात दहावीपर्यंत शिकला. या शाळेतील चार शिक्षकांची नावे चरित्रकार आवर्जून नोंदवतात. सतीशचंद्र कांजीलाल यांनी त्याला शास्त्रीय संगीताची गोडी लावली. निवारणचंद्र घटक यांच्यामुळे क्रांतिकारकांच्या विचारांशी ओळख झाली. हाफिज नूरुन्नबी यांनी फारसी साहित्य शिकवले. नगेंद्रनाथ बंदोपाध्याय यांनी साहित्याची दृष्टी दिली. शिक्षक मित्रांनो, नजरुल यांची नंतरची सारी कविता या चार वर्गांतून बाहेर आलेली दिसते. राग आहेत, बंड आहे, हाफिज आणि उमर खय्याम आहेत आणि बंगाली भाषेवरील हुकमत आहे. यातला एक जरी गुरू वगळला असता तर कवी तेवढा उणा राहिला असता.

कराची, कलकत्ता आणि तुरुंग

१९१७ मध्ये शाळा सोडून नजरुल ४९ व्या बंगाली पलटणीत भरती झाले. पलटण होती कराचीला. त्या काळी सिंध प्रांत मुंबई इलाख्यातच होता, तेव्हा या कवीची पहिली-वहिली लेखणी आपल्याच इलाख्याच्या छावणीत चालली असे म्हणावयास हरकत नाही. तेथे ते हवालदार झाले आणि फावल्या वेळात एका पंजाबी मौलवींकडून फारसी काव्य शिकले.

१९२० मध्ये पलटण मोडली आणि ते कलकत्त्यात आले. त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले. ती वार्ता पोहोचताच कलकत्ता कसे शोकाकुल झाले याचे वर्णन करणारा लेख एकवीस वर्षांच्या नजरुल यांनी लिहिला. ‘युगवाणी’ या त्यांच्या लेखसंग्रहात तो आहे आणि हा संग्रह १९२२ मध्ये सरकारने जप्त केला. बंगालच्या मुसलमान तरुणाने महाराष्ट्राच्या लोकमान्यांसाठी शोक केला आणि ते पुस्तक इंग्रजांना धोक्याचे वाटले. आपण त्यांची जयंती का करावी, असे कोणी विचारले तर हे एक उत्तर पुरेसे आहे.

१९२१ च्या डिसेंबरअखेरीस कलकत्त्यातील एका खोलीत, एका रात्रीत, शिसपेन्सिलीने त्यांनी ‘विद्रोही’ लिहिली. खोलीतील सोबती मुजफ्फर अहमद हे तिचे पहिले श्रोते. जानेवारी १९२२ मध्ये ती छापली गेली आणि बावीस वर्षांचा हा कवी सर्व बंगालला माहीत झाला. त्याच वर्षी त्यांनी ‘धूमकेतू’ हे नियतकालिक काढले आणि ऑक्टोबरमध्ये त्यात हिंदुस्थानच्या संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी उघडपणे केली. काँग्रेसने लाहोर येथे तसा ठराव केला तो १९२९ च्या अखेरीस. एका कवितेवरून त्यांना पकडण्यात आले आणि जानेवारी १९२३ मध्ये एक वर्षाची सजा झाली.

तुरुंगात असताना रवींद्रनाथांनी आपली ‘वसंत’ ही गीतिनाटिका या तरुण कैद्याला अर्पण केली. पुढे हुगळीच्या तुरुंगात राजकैद्यांच्या छळाविरुद्ध नजरुल यांनी उपोषण मांडले. ते सुमारे चाळीस दिवस चालले. साहित्याला तुमची गरज आहे, उपास सोडा, अशा आशयाची तार रवींद्रनाथांनी पाठवली, ती भलत्याच तुरुंगात गेली आणि परत आली. अखेर ज्यांना ते आई म्हणत, त्या कोमिल्लाच्या विरजासुंदरी देवी आल्या आणि त्यांच्या हातून त्यांनी उपास सोडला. मुसलमान मुलाचा उपास हिंदू आईने सोडवला. पुढे १९२४ मध्ये त्याच घरातील प्रमीलादेवींशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या मुलाचे नाव त्यांनी कृष्ण मुहम्मद ठेवले.

एका मुखात दोन गाणी

जयंतीला गाणी का म्हणायची, ते आता पाहू. नजरुल यांनी तीन हजारांहून अधिक गाणी रचली. बंगालीत गझल त्यांनी रुजवली. ठुमरीचे नामवंत उस्ताद जमीरुद्दीन खाँ यांच्याकडे ते शिकले आणि एक गीतसंग्रह त्यांना अर्पण केला. कलकत्ता आकाशवाणीसाठी त्यांनी ‘दोलनचंपा’, ‘वेणुका’, ‘मीनाक्षी’ असे नवे राग बांधले.

आपल्याला माहीत असलेच पाहिजे असे एक गाणे आहे. गायक अब्बासउद्दीन अहमद यांना इस्लामी विषयावरील बंगाली गाण्यांची तबकडी काढायची होती. ग्रामोफोन कंपनीचे अधिकारी म्हणाले, मुसलमान लोक गाणे वर्ज्य मानतात, तबकडी घेणार कोण? अब्बासउद्दीन यांनी पिच्छा सोडला नाही. काही महिन्यांनी होकार मिळताच नजरुल यांनी रमजानच्या अखेरीस येणाऱ्या ईदच्या आनंदावर गाणे लिहून दिले आणि चालही दिली. १९३२ च्या ईदला तबकडी बाजारात आली. सुट्टीनंतर अब्बासउद्दीन कलकत्त्याला परतले तेव्हा ट्राममध्ये एक अनोळखी तरुण तेच गाणे गुणगुणत होता, असे त्यांनी आठवणींत लिहिले आहे. आज नव्वद वर्षे उलटून गेली तरी ईदचा चंद्र दिसला की बंगाली मुसलमानांच्या घराघरांत तेच गाणे लागते. आपल्या माणसाला गाणे नको आहे, असे कंपनीला वाटत होते. त्याला आपले गाणे अद्याप कोणी दिले नव्हते, एवढेच त्याचे कारण होते.

पण थांबा. ज्या लेखणीतून हे गाणे आले, त्याच लेखणीतून कालीमातेची शेकडो भक्तिगीते आली. बंगालीत त्यांना श्यामासंगीत म्हणतात. ती आजही कालीपूजेच्या दिवसांत गायली जातात. त्या काळात तबकडीवर नावे बदलून गाण्याची पद्धत होती. धीरेन दास या हिंदू गायकाने ‘गनी मियाँ’ या नावाने इस्लामी गाणी गायली आणि ‘के. मल्लिक’ या नावाने श्यामासंगीत गाणारे गायक मूळचे मुन्शी मोहम्मद कासेम होते. ऐकणाऱ्यांना सूर भावला, मग नाव कोणते का असेना.

याची किंमत नजरुल यांनी मोजली. काही मुसलमानांनी त्यांना काफिर म्हटले, काही हिंदूंनी त्यांना यवन म्हणून हिणवले. दोन्ही बाजूंचे टोमणे एकत्र मांडून त्यांनी ‘आमार कैफियत’ या कवितेत हसत हसत आपली बाजू सांगितली. १५ डिसेंबर १९२९ रोजी कलकत्त्याच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्यांचा जाहीर सत्कार झाला. अध्यक्ष होते रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय, आणि वक्त्यांत होते सुभाषचंद्र बोस.

म्हणून माझे म्हणणे असे, की हा कवी अर्धा घेता येत नाही. फक्त ईदचे गाणे म्हणून आपण त्याला ‘आपला’ ठरवू आणि श्यामासंगीत लपवू, तर आपण अर्धा नजरुल साजरा केला. दुसऱ्या कोणी श्यामासंगीत घेतले आणि ईदचे गाणे लपवले, तर त्यानेही अर्धाच घेतला. जयंतीची कसोटी हीच आहे की, त्या दिवशी व्यासपीठावर पूर्ण माणूस उभा राहिला की नाही.

चौतीस वर्षांचे मौन

जुलै १९४२ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, या कवीची वाचा गेली. हळूहळू स्मृतीही गेली. मुलगा बुलबुल १९३० मध्येच देवीच्या रोगाने गेला होता, पत्नी पक्षाघाताने अंथरुणाला खिळली होती. १९५३ मध्ये चाहत्यांनी पैसे जमवून त्यांना लंडन व व्हिएन्ना येथे नेले. मेंदूचा विकार बरा होणारा नाही, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले. १९६० मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९६२ मध्ये प्रमीलादेवी निवर्तल्या, त्यांचे दफन चुरुलियात झाले. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर २४ मे १९७२ रोजी, नेमक्या जयंतीच्या सुमारास, त्यांना ढाक्याला नेण्यात आले. २९ ऑगस्ट १९७६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. आपल्याला मशिदीच्या शेजारी दफन करावे, अशी इच्छा त्यांनी एका गाण्यात व्यक्त केली होती. त्याप्रमाणे ढाका विद्यापीठाच्या मशिदीशेजारी त्यांची कबर आहे.

मित्रांनो, चौतीस वर्षे हा माणूस मुका होता. एवढ्या काळात त्यांना स्वतःचे एक गाणे म्हणता आले नाही, एका ओळीचा अर्थ सांगता आला नाही. पण बंगाल गप्प बसला नाही. अंगूरबाला, इंदूबाला, फिरोजा बेगम अशा गायिका गात राहिल्या. शाळांतील मुले गात राहिली. कवीचा गळा बंद झाला तेव्हा समाजाने आपला गळा त्यांना दिला. जयंतीला भाषणापेक्षा गाण्याचा मान मोठा का, याचे उत्तर मला येथे सापडते.

मुलींचा प्रश्न

आता थोड्या नाजूक विषयाकडे येतो. गाणे एकवेळ ठीक, पण नाच? आणि मुलींनी व्यासपीठावर यायचे? काही पालक हा प्रश्न मोठ्याने विचारतात, काही मनात ठेवतात. दोघांनाही मी मान देतो.

एक गोष्ट सांगतो. ‘कातिबिम’ नावाची तुर्कस्तानातील एक लोकप्रिय चाल आहे. त्या चालीवर नजरुल यांनी दोन गाणी बांधली. एक आहे पैगंबरसाहेबांच्या आगमनाचे, ‘त्रिभुवनेर प्रिय मोहम्मद’. दुसरे ‘शुकनो पातार नूपुर पाये’, ज्यावर बंगालमधील असंख्य मुली नाचल्या आहेत. एकाच चालीवर नातही आहे आणि नृत्यही. कवीला त्यात विसंगती वाटली नाही. ढाक्यात १९५५ मध्ये नृत्य-संगीताची जी संस्था स्थापन झाली, तिला नाव दिले गेले बुलबुल चौधरी या मुसलमान नर्तकाचे, ज्यांनी हाफिजच्या काव्यविश्वावर नृत्यनाट्य बसवले होते.

ज्या घरी नृत्य मान्य नाही त्या घरच्या मुलीला आग्रह करू नये, असेच माझेही मत आहे. पण तिला कार्यक्रमातूनच वगळू नये. तिला कविता म्हणू द्या, निबंध वाचू द्या, सूत्रसंचालन करू द्या. ‘नारी’ या १९२५ च्या कवितेत नजरुल यांनी जगातील प्रत्येक चांगल्या गोष्टीत स्त्रीचा निम्मा वाटा मांडला, तो काही नुसता अलंकार नव्हता. चितगावच्या शमसुन्नाहार या मुलीची शाळा पडद्यापायी लहानपणीच सुटली होती. घरी अभ्यास करून ती मॅट्रिक झाली. १९२६ मध्ये नजरुल तिच्या घरी पाहुणे म्हणून राहिले, भावाबहिणींना त्यांनी प्रोत्साहन दिले आणि ‘सिंधू-हिंदोल’ हा संग्रह त्या दोघांना अर्पण केला. १९३२ मध्ये ती बी. ए. झाली, तेव्हा बेगम रुकैया यांच्या सखावत मेमोरियल शाळेने तिचा सत्कार केला. दुसरी सुफिया कमाल. शाळेत न जाता घरीच शिकलेली. तिच्या १९३८ च्या ‘सांझेर माया’ या कवितासंग्रहाला नजरुल यांनी प्रस्तावना लिहिली. पुढे हीच सुफिया कमाल ढाक्याच्या ‘छायानट’ या १९६१ मध्ये स्थापन झालेल्या संगीतसंस्थेची अध्यक्ष झाली. पालकांनो, एका मुलीच्या पाठीवर वेळेवर हात ठेवला तर पुढे किती मुली गाऊ लागतात, हे येथे दिसते.

आपण काय करावे?

आता व्यवहाराचे बोलू. पुढील मे महिन्यात सुट्टी असेल, म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्यावर एक शनिवार ठरवावा. खर्च फारसा नाही.

पहिली गोष्ट, तयारी. दोन गाणी बसवावीत, दोनच, पण मूळ चालीत. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कवी आजारी पडल्यावर त्यांच्या गाण्यांच्या चाली ज्याने त्याने बदलल्या. म्हणून १९८५ मध्ये ढाक्यात स्थापन झालेल्या नजरुल इन्स्टिट्यूटने जुन्या तबकड्या ऐकून स्वरलिपी छापण्याचे काम हाती घेतले. जुन्या ध्वनिमुद्रणाशी प्रामाणिक राहणे हाही आदरच आहे. गाणे बंगालीतच म्हणावे आणि त्याचा अर्थ आधी मराठीतून सांगावा. उच्चार चुकले तरी चालतील, मुलांना शेजाऱ्याच्या भाषेची चव कळेल. दोन गाण्यांपैकी एक ईदचे घ्या. दुसरे कोणते घ्यावे ते मी सांगत नाही, पण ते पहिल्यासारखे नसावे.

दुसरी गोष्ट, भाषणे. मोठ्यांची दोन पुरेत, प्रत्येकी दहा मिनिटांची. बाकी वेळ विद्यार्थ्यांचा. सातवीतल्या मुलाने सातवीतल्या नजरुलविषयी बोलावे. एका मुलीने सुफिया कमाल यांच्याविषयी बोलावे. आणि एखाद्याने आपल्या बार्शीच्या शाहीर अमर शेखांविषयी बोलावे. त्यांनीही गरिबीतून येऊन आपल्या आवाजाने महाराष्ट्र हलवला. शेजारच्या शाळांतील सर्व समाजांच्या मुलांना बोलावणे धाडावे. हा कवी एकट्याने साजरा करण्याचा नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि ती पदाधिकाऱ्यांसाठी आहे. जयंतीच्या दिवशी शिक्षकांनी आणि संस्थाचालकांनी मिळून शाळेचे हजेरीपट पुढे घ्यावेत. मागच्या वर्षी पटावर होता आणि यंदा नाही, असा कोण आहे? तो कोणत्या बेकरीत, गॅरेजमध्ये, चहाच्या टपरीवर आहे? त्याच्या घरी जावे. वह्या, गणवेश, प्रवासाचे पैसे, जे अडले असेल ते सोडवावे. मुलगी घरी बसवली असेल तर तिच्या आईवडिलांशी बसून बोलावे. वर्षाला अशी दोन मुले जरी परत वर्गात आली तरी ती जयंती कोणत्याही सभागृहातील जयंतीपेक्षा मोठी झाली, असे मी मानेन.

आपल्या वस्तीत आज कोठेतरी एक दुखू मियाँ आहे. त्याच्या गळ्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही. कदाचित गाणे असेल, कदाचित गणित असेल. त्याच्यात काय दडले आहे हे रफीजउल्लाह यांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी मुलाला शाळेत घातले, इतकेच. ते काम अवघड नाही. त्यासाठी कवी असावे लागत नाही, श्रीमंत असावे लागत नाही. रोज ज्या दुकानातून आपण पाव घेतो तेथील पोराच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही गा, कविता म्हणा, ज्यांना घरची परवानगी आहे त्यांनी नाचा. पालकांनो, तुम्ही समोरच्या रांगेत येऊन बसा. आणि आपण सर्वांनी मिळून नजरुल यांना तसबिरीतून खाली उतरवून मुलांमध्ये आणून बसवू.